सारखे शब्द, निराळे अर्थ
(भाषाशिक्षणातील एक विचार)

पहिलीच्या वर्गात शिक्षक फळ्यावर 'पाल' हा शब्द लिहितात आणि त्याचा अर्थ मुलांना विचारतात. भिंतीवर चुकचुकणारी पाल सर्वांच्या परिचयाची असते. त्यामुळे उत्तर चटकन मिळते. परंतु गडचिरोली जिल्ह्यातील ज्या गावी घरोघरी गोंडी बोलली जाते, तेथील एखादे मूल तितक्याच निःशंकपणे सांगेल, की पाल म्हणजे दूध. अशा वेळी इतर मुले हसतात. शिक्षक 'चूक' असे म्हणून पुढच्या मुलाकडे वळतात. वास्तविक ते उत्तर चूक नसते. गोंडी भाषेत दुधाला 'पाल' असेच म्हणतात. मुलाने आपल्या आईकडून शिकलेला शब्द बरोबर सांगितलेला असतो. केवळ तो कोणत्या भाषेतला, एवढे सांगण्याचे ज्ञान त्या वयात त्याला नसते.

हा प्रसंग लहान असला, तरी त्याचा परिणाम लहान नसतो. ज्या मुलाचे पहिलेच उत्तर हशात बुडते, ते दुसऱ्यांदा हात वर करीत नाही. म्हणून एकच लेखन निरनिराळ्या भाषांत निरनिराळे अर्थ का धारण करते, याचा विचार प्राथमिक शिक्षकाने करणे अगत्याचे आहे.

१. अर्थ अक्षरांत नसतो

'पाल' या दोन अक्षरांत पालीसारखे काहीच नाही आणि दुधासारखेही काही नाही. भाषा बोलणाऱ्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या एक संकेत पाळलेला असतो आणि त्या संकेतामुळे ध्वनीला अर्थ प्राप्त होतो. संकेत बदलला, की अर्थ बदलतो. मराठीच्या घरातही याचा अनुभव येतो. भिंतीवरची ती पाल, भटक्या लोकांच्या राहुटीचे ते पाल आणि 'राज्यपाल' या शब्दाच्या अखेरीस येणारा संस्कृत 'पाल' म्हणजे रक्षण करणारा, हे तीन निराळे शब्द एकाच लेखनात नांदतात. 'वर' म्हणजे नवरदेव, 'वर' म्हणजे देवाने दिलेले वरदान आणि 'वर' म्हणजे खालीच्या उलट. मुले हे तिन्ही अर्थ न गोंधळता वापरतात, कारण वाक्य त्यांना वाट दाखवते. एका भाषेत जे घडते, तेच अनेक भाषांच्या सीमेवर अधिक ठळकपणे घडते.

२. असे का घडते?

याचे पहिले कारण गणिताचे आहे आणि ते बाराखडीच्या साहाय्याने सहज समजते. मराठी वर्णमालेत 'क' पासून 'ळ' पर्यंत ३४ व्यंजने आहेत. प्रत्येकाची बाराखडी लिहिली तर ३४ गुणिले १२, म्हणजे ४०८ अक्षरे होतात. एकाक्षरी शब्द तयार करावयाचे झाल्यास एवढाच साठा हाताशी असतो. उलट प्रत्येक भाषेला हजारो अर्थ व्यक्त करावयाचे असतात आणि पुष्कळ वेळा लागणाऱ्या शब्दांना बहुधा आखूड रूप हवे असते. साठा थोडा आणि मागणी मोठी, अशी स्थिती असली म्हणजे एकच आखूड रूप अनेक भाषांच्या वाट्यास येणे अपरिहार्य ठरते.

यावरूनच दुसरा नियम निघतो. शब्द जितका आखूड, तितका योगायोगाचा संभव अधिक. 'ना' हे लेखन दहा भाषांत आढळले तर त्यात नवल नाही. 'पंचायत' यासारखा लांब शब्द एकाच अर्थाने दोन भाषांत आढळला, तर मात्र तो योगायोग मानता येत नाही. एकीने दुसरीकडून तो घेतला असावा किंवा दोघींनी तिसरीकडून घेतला असावा, असे समजावे.

३. काही निवडक उदाहरणे

महाराष्ट्राच्या शाळांतून मराठीखेरीज अनेक भाषा बोलणारी मुले येतात. मराठी ही संस्कृतशी नाते सांगणाऱ्या आर्यभाषांपैकी आहे. सोलापूर, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमाभागात ऐकू येणारी कन्नड. नांदेड व चंद्रपूरच्या सीमेवर आणि सोलापूर शहरातील विणकरांच्या घरी बोलली जाणारी तेलुगू. विदर्भातील गोंडी व कोलामी, या सर्व द्राविड कुळातील आहेत. मेळघाटातील कोरकू ही मुंडा गटातील, म्हणजे आणखी निराळ्या कुळातील भाषा होय. दूर ईशान्येस आसामातील बोडो ही तिबेटी-ब्रह्मी कुळातील असून ती आज देवनागरी लिपीतच लिहिली जाते. अर्थात लिपी एक, म्हणून भाषा एक, असे म्हणता येत नाही. पुढील शब्द या दृष्टीने पाहावेत.

मर : मराठीत हे आज्ञार्थी रूप आहे आणि ते रागाच्या बोलण्यात येते. कन्नडमध्ये 'मर' म्हणजे झाड. कन्नड उच्चारात शेवटचा 'अ' पूर्ण ऐकू येतो, मराठीत तो लोपतो. परंतु देवनागरीत दोन्हींचे लेखन एकच होते. झाडाकडे बोट दाखवून 'मर' म्हणणाऱ्या सीमाभागातील मुलास अपशब्दाबद्दल शिक्षा झाली, तर तो त्या मुलावर अन्याय होय.

ऊर : मराठीत छाती, आनंदाने वा दुःखाने ऊर भरून येतो. तमिळमध्ये 'ऊर्' आणि कन्नड व तेलुगूमध्ये 'ऊरु' म्हणजे गाव. तंजावूर, नेल्लूर, बेंगळूरु या नावांच्या शेवटी हाच शब्द आहे. राष्ट्रकूट राजांच्या बिरुदात 'लट्टलूर' हे नाव येते व ते आजचे लातूर मानले जाते. मात्र कोल्हापूर, सोलापूर या नावांच्या अखेरीस 'ऊर' ऐकू आला, तरी तेथे हा शब्द नाही. तेथे संस्कृत 'पुर' आहे. केवळ कानावर विसंबून व्युत्पत्ती सांगू नये, हे यावरून ध्यानात येईल.

तल : संस्कृतातून मराठीत आलेल्या या शब्दाचा अर्थ तळ किंवा पृष्ठभाग; 'भूतल', 'तलस्पर्शी' हे शब्द सर्वांना ठाऊक आहेत. तेलुगूत 'तल' म्हणजे डोके. एकाच्या लेखी जे सर्वांत खाली, ते दुसऱ्याच्या लेखी सर्वांत वर!

काल : मराठीत आजच्या आदला दिवस, तसाच समय. तमिळमध्ये 'काल्' आणि कन्नड-तेलुगूमध्ये 'कालु' म्हणजे पाय.

नार : मराठीत स्त्री. गोंडीत 'नार' म्हणजे गाव.

बे : 'बे एके बे' म्हणणाऱ्या मराठी मुलास हा शब्द दोन या संख्येचा वाटतो. बोडो भाषेत 'बे' म्हणजे हा किंवा हे.

ना : मराठीत 'ये ना' म्हणताना आग्रह, 'ना आई ना बाप' म्हणताना नकार. तेलुगूत 'ना' म्हणजे माझा किंवा माझे; 'ना पेरु' म्हणजे माझे नाव. तमिळमध्ये 'ना' म्हणजे जीभ. बोडोत 'ना' म्हणजे मासा. समुद्रापलीकडील कोरियन भाषेत 'ना' म्हणजे मी.

मा : संस्कृतात 'मा' हा निषेध दाखवणारा शब्द आहे. तेलुगूत 'मा' म्हणजे आमचा; बोडोत 'मा' म्हणजे काय; व्हिएतनामी भाषेत 'मा' म्हणजे भूत; हंगेरियनमध्ये 'मा' म्हणजे आज; इटालियनमध्ये 'मा' म्हणजे परंतु. चिनी भाषेत तर हेच अक्षर उच्चाराच्या चढउताराप्रमाणे आई, ताग, घोडा अथवा रागे भरणे असे चार निरनिराळे अर्थ देते. आणि शाळेत येणाऱ्या परिपत्रकावर 'मा.' असे टिंबासह लिहिलेले असते, तेव्हा त्याचा अर्थ माननीय असा होतो.

४. 'मामा' या शब्दाचा धडा

आईचा वाचक शब्द 'म'काराने युक्त असतो, ही गोष्ट जगातील पुष्कळ भाषांत आढळते. यावरून सर्व भाषा एकाच मुळातून निघाल्या, असा निष्कर्ष काही जण काढतात. परंतु त्याला एवढा आधार पुरेसा नाही. ओठ मिटून उघडले, की 'म', 'प', 'ब' हे ध्वनी सहज निघतात. तान्ह्या मुलाच्या तोंडी तेच प्रथम येतात. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी या प्रश्नाची शास्त्रीय चर्चा केली आहे. मूल ध्वनी उच्चारते आणि जवळची मोठी माणसे त्या ध्वनीस अर्थ देतात, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

तो अर्थ सर्वत्र एकच दिला जातो, असेही नाही. रशियन व चिनी भाषांत 'मामा' म्हणजे आई. मराठीत मामा म्हणजे आईचा भाऊ. कॉकेशस पर्वताच्या प्रदेशातील जॉर्जियन भाषेत मात्र 'मामा' म्हणजे वडील आणि आईला म्हणतात 'देदा'. जपानी भाषेत आईला 'हाहा' असा शब्द आहे, जो मराठी माणसाच्या कानाला हसण्यासारखा वाटेल. ध्वनी निसर्ग देतो आणि अर्थ समाज देतो, हे तत्त्व समजण्यास यापरते सोपे उदाहरण मिळणार नाही.

५. खरे नाते कसे ओळखावे?

सारखेपणा तीन कारणांनी येतो, असे स्थूलमानाने म्हणता येईल : नात्याने, उसनवारीने आणि योगायोगाने.

नात्याची ओळख एकट्या शब्दावरून पटत नाही. शब्दांच्या रांगेवरून पटते. सप्त-सात, अष्ट-आठ, हस्त-हात, कर्ण-कान, पर्ण-पान, भक्त-भात या जोड्या पाहाव्यात. प्रत्येक ठिकाणी जोडाक्षर सुटे झाले आहे आणि आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ झाला आहे. बदल नियमाने झाला आहे, म्हणून नाते खरे आहे. द्राविड भाषांतही असेच दिसते. तमिळमधील पाल् (दूध), पुलि (वाघ), पल् (दात), पत्तु (दहा) हे शब्द कन्नडमध्ये अनुक्रमे हालु, हुलि, हल्लु, हत्तु असे आहेत. जुन्या कन्नडमधील आरंभीच्या 'प'चा पुढे 'ह' झाला. म्हणून गोंडी 'पाल' आणि कन्नड 'हालु' ही सख्खी भावंडे आहेत आणि गोंडी 'पाल' व मराठी 'पाल' ही केवळ नामसाधर्म्य असलेली परकी माणसे आहेत. दिसण्यावर जाऊ नये, असे जे व्यवहारात म्हणतात, ते येथे शब्दशः लागू पडते.

सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाविषयी विचार मांडला. दक्षिणेकडील भाषांचे कूळ निराळे आहे, हे फ्रान्सिस एलिस यांनी १८१६ मध्ये दाखवले आणि रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ च्या आपल्या तुलनात्मक व्याकरणात ते विस्ताराने सिद्ध केले. या अभ्यासकांचा भर एकेका शब्दावर नव्हता, तर व्याकरणाच्या घडणीवर आणि अनेक शब्दांतील नियमबद्ध साम्यावर होता.

उसनवारी ही दुसरी गोष्ट. शेजारधर्माने भाषा एकमेकींकडून शब्द घेतात. 'अक्का' आणि 'अण्णा' ही मराठी घरांतील नावे कन्नडच्या शेजारातून आली. 'बटाटा' पोर्तुगिजांबरोबर आला. 'कागद' फारशीतून आला. येथे शब्द एकच असतो व अर्थही बहुधा तोच असतो. तथापि एकाच उगमाचा शब्द दोन भाषांत निराळ्या वाटेने गेला, तर अर्थ फाटतो. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड. हा फरक शिक्षकाने तरी विसरू नये!

योगायोग हा सर्वांत फसवा. फारशी 'बद' म्हणजे वाईट आणि इंग्रजी 'बॅड' म्हणजेही वाईट. ध्वनी सारखा, अर्थ सारखा. तरी या दोन शब्दांचा इतिहास निरनिराळा आहे. गंमत अशी, की मराठीत रुळलेल्या 'बदनाम' या शब्दाचा उत्तरार्ध 'नाम' याचे इंग्रजी 'नेम' या शब्दाशी असलेले नाते मात्र खरे आहे. एकाच शब्दाच्या अर्ध्या भागात योगायोग आणि अर्ध्या भागात रक्ताचे नाते! ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य भागातील म्बाबरम भाषेत कुत्र्याला 'डॉग' असा शब्द असल्याचे भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांना तेथील वृद्धाकडून कळले. तो इंग्रजीतून आला असेल, अशी शंका येणे स्वाभाविक होते. परंतु शेजारच्या यिडिञ भाषेतील 'गुदागा' या शब्दाशी तुलना केल्यावर, तो त्या भाषांतील ध्वनिबदलांच्या नियमांप्रमाणेच झिजून तयार झाला आहे, असे स्पष्ट झाले. उलट संस्कृत 'चक्र' आणि इंग्रजी 'व्हील' हे दिसण्यात कोठेही जुळत नाहीत, तरी ते एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. गावातल्या बैलगाडीचे 'चाक' त्याच चक्रापासून झाले आहे.

६. वर्गातील उपयोग

हा विषय लहान मुलांना व्याख्यानरूपाने सांगण्याचा नाही; तो शिक्षकाने मनात ठेवून वर्तनात आणावयाचा आहे. त्या दृष्टीने पुढील सूचना उपयोगी पडतील.

(१) शब्दाचा अर्थ सुटा विचारू नये, वाक्यात विचारावा. 'पाल म्हणजे काय?' असे न विचारता 'भिंतीवर पाल आहे, या वाक्यातील पाल म्हणजे काय?' असे विचारावे. वाक्याने भाषा निश्चित होते आणि भाषेने अर्थ.

(२) अनपेक्षित उत्तर आल्यास 'चूक' म्हणण्यापूर्वी 'तुझ्या घरी या शब्दाचा अर्थ काय?' असे शांतपणे विचारावे. उत्तर खरोखर चुकले असेल, तर ते या प्रश्नाने उघड होईलच. घरच्या भाषेतले असेल, तर 'तुझ्या भाषेत हा अर्थ बरोबर आहे; मराठीत मात्र याचा अर्थ असा होतो' असे सांगावे. त्यामुळे मुलाचा मान राहतो आणि मराठीचा पाठही पुरा होतो.

(३) वर्गासाठी 'दोन घरांचे शब्द' या नावाची एक वही ठेवावी. पानाच्या मध्यभागी शब्द लिहावा. डाव्या बाजूस मराठी अर्थ व उजव्या बाजूस मुलाच्या घरच्या भाषेतील अर्थ लिहून दोन्हीकडे चित्रे काढून घ्यावीत. 'मर' या शब्दाच्या उजवीकडे मुलाने काढलेले झाड पाहिल्यावर वर्गातील हसणे आपोआप थांबते. अर्थाची खात्री आईवडिलांकडून किंवा गावातील जाणत्या माणसाकडून करून घ्यावी, कारण एकाच भाषेची बोली गावागणिक बदलते.

(४) तिसरी-चौथीच्या मुलांना बाराखडीचा हिशेब पाटीवर करावयास द्यावा. तीन व्यंजने व तीन स्वर घेऊन किती अक्षरे होतात आणि त्यांतील किती अक्षरांना त्यांना ठाऊक असलेल्या कोणत्याही भाषेत अर्थ आहे, हे त्यांनी शोधावे. 'का', 'मी', 'तू', 'ना' अशी अक्षरे सापडतात, तेव्हा भाषा आणि गणित यांची गाठ पडते.

(५) कोणाच्याही भाषेतील शब्दावर विनोद होऊ देऊ नये. मराठी मूल कन्नड शाळेत गेले, तर 'ऊर भरून आला' हे त्याचे वाक्य तेथील मुलांना गाव भरल्याचे वाटू शकेल, हे वर्गाला एकदा सांगावे.

(६) शिक्षकाने आपल्या शाळेतील मुलांच्या घरच्या भाषेतील निदान वीस-पंचवीस शब्द शिकून घ्यावेत : पाणी, दूध, भाकरी, आई, भूक, ताप, दुखणे, ये, बस, भिऊ नकोस. आजारी मूल प्रथम आपल्या आईच्या भाषेत रडते. त्या वेळी हे शब्द उपयोगी पडतात.

७. समारोप

भाषिक अल्पसंख्य समाजांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी असाव्यात, असे भारतीय संविधानाचा ३५० क हा अनुच्छेद सांगतो. तो १९५६ मध्ये समाविष्ट झाला. शक्य असेल तेथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे, असे बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातही नमूद आहे. प्रत्येक गावी प्रत्येक भाषेचा शिक्षक मिळणे कठीण आहे, ही गोष्ट खरी. परंतु मुलाचा शब्द ऐकून घेण्यास कोणत्याही मंजुरीची वा अनुदानाची आवश्यकता नाही.

मराठी उत्तम शिकवणे हे मराठी शाळेचे कर्तव्य आहे आणि त्यात कसूर होता कामा नये. परंतु नवी भाषा शिकणे म्हणजे जुनी भाषा चूक ठरवणे नव्हे. मुलाच्या मनात आधी एक भाषा असते. तिच्या आधारानेच दुसरी उभी राहते. ज्या मुलाला आपल्या 'पाल'चा अर्थ बरोबर आहे हे कळले, ते भिंतीवरच्या पालीचा अर्थही त्याच दिवशी शिकून घरी जाते आणि संध्याकाळी आईला सांगते, की शाळेत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. एका शब्दाऐवजी दोन शब्द त्याच्या पदरी पडतात. शिक्षकाने इतके साधले, तर त्या दिवसाचा पाठ पुरा झाला, असे समजण्यास हरकत नाही.